पोरीला त्रास देऊ नका

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसू नका, असं मी जवळच्यांना आधीच सांगून ठेवते. पानात भात पडायच्या आत कुणीतरी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढतंच. "ताई, तुमी औषदांच्या कंपनीत ना? जरा बघा, ही गोली मना चालंल का?" मी सांगते, मी गोळी तपासते, माणूस नाही. माणसाचं डॉक्टरला विचारा. मग पट्टी मुकाट्यानं पर्समध्ये परत जाते आणि बाईच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं की एवढी शिकून हिनं मग केलं तरी काय.

काय केलं तेच या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, लिहिते, पण त्यात हळदीची गाणी येतील.  तुमचं काम तर प्रयोगशाळेतलं ना, असं त्यांनी हळूच विचारलं. फोनवर त्यांना समजावत बसले नाही. इथं समजावते.

मी आयुष्यभर एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं. कंपनी तळोज्याच्या बाजूची, नाव सांगत नाही. कारखान्यात गोळ्यांचा एकेक घाणा निघतो, त्याला आम्ही बॅच म्हणतो. ही बॅच पिवळी चिठ्ठी लावून गोदामात अडकवून ठेवतात आणि तिच्यातल्या थोड्या गोळ्या आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्या कुटतो, विरघळवतो, त्यात औषध सांगितलंय तेवढंच आहे का ते मोजतो. सगळं बरोबर निघालं की मी सही करायची. मग हिरवी चिठ्ठी लागते आणि ट्रक पळस्पे फाट्याच्या दिशेनं सुटतात. माझी सही होत नाही तोवर मालकाच्या मुलालासुद्धा त्यातली एक गोळी मिळायची नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि निवृत्त झाले तरी आहे.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी. तिला वर्णन म्हणतात. गोळी बशीत ठेवायची, उजेडात नीट बघायची आणि दिसतं ते लिहायचं. ऐकायला लेखकाचं काम वाटतं, पण शब्द आधीच ठरलेले असतात. पांढरी ते फिकट पिवळसर, गोल, दोन्ही बाजूंनी फुगीर, एका बाजूला रेघ. त्याच्याबाहेरचा शब्द घातला की वरिष्ठ चौकशी लावतात. चुकलं तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. उपमा तर चालतच नाही.

उपमेवरून माझं एकदा साहेबांशी चांगलंच वाजलं. कोकणातल्या एका गावाहून तक्रार आली होती की रक्तदाबाच्या गोळ्यांना वास येतो. उरलेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून आमच्याकडे आल्या. पुडी उघडल्या उघडल्या मला कळलं. सोडे. सुकवलेली कोळंबी. त्या माणसानं गोळ्या सोड्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या, दुसरं काही नाही. सगळ्या चाचण्या बरोबर निघाल्या. मी अहवालात लिहिलं, 'सुकवलेल्या कोळंबीसारखा वास'.

साहेब म्हणाले, "मॅडम, 'सारखा' काढा."

"मग कसला लिहू?"

"'बाहेरचा वास' लिहा."

"सर, ते सोडे आहेत. सुकट नाही, बोंबील नाही. सोडेच."

"तुम्ही हे सिद्ध करू शकता?"

सिद्ध करायला मी घरून डबा आणायला तयार होते. पण अहवाल 'बाहेरचा वास' म्हणूनच गेला. खरं सांगायचं तर मला त्या माणसाबद्दल लिहायचं होतं. बायको रोज उघडते त्याच डब्यात त्यानं गोळ्या ठेवल्या असतील, म्हणजे तिला रोज आठवण राहील. किंवा बायको गेली असेल आणि तो डबा त्यालाच रोज उघडावा लागत असेल. दोन-तीन दिवस मी औषध मोजायचं टायट्रेशन करताकरता त्याचाच विचार करत होते. अहवालात अशा माणसाला जागा नसते.

आता हळदीकडे येते. आमचं घर खाडीकाठचं, आगरी. आजोबांची मिठागरं, जोडीला भातशेती. आई-बाबा दिवसभर मिठागरावर, त्यामुळे मला वाढवलं जनाकाकीनं. काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. काका लवकर गेले, मूल नव्हतं, म्हणून मी तिचीच झाले. काकीचा आवाज असा होता की ती ओट्यावर बसून गायली तर पलीकडच्या आळीतल्या बायका हातातलं काम ठेवून यायच्या. पंचक्रोशीतल्या प्रत्येक हळदीला तिला बोलावणं असायचं.

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात नवरीच्या माणसांची नावं घालतात. मामा, मावश्या, काका, आत्या, सगळ्यांची, मानाच्या क्रमानं. नुसतं नाव चालत नाही. प्रत्येकाच्या नावाला त्याची स्वतःची एक ओळ लागते, आणि एकाची ओळ दुसऱ्याला चालत नाही. दोन मामांना एकच कौतुक केलं तर त्या घरात वर्षभर धुसफूस चालते. काकीला अक्षर येत नव्हतं आणि जुन्या ओळी किती पुरणार? मी शाळेत असताना एकदा सहज तिला दोन ओळी जुळवून दिल्या. तिनं त्या गायल्या. बायकांनी विचारलं, कुणी केल्या? काकीनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी गावची गाणं करणारी झाले.

लोक आमच्या ओट्यावर यायचे. "पुष्पे, आमच्या पोरीचा गाना बनव ना." मी नवरीच्या आईला समोर बसवून एकेकाची चौकशी करायचे. थोरला भाऊ कसा आहे? चांगला हाय. चांगला तर सगळेच असतात, याचं वेगळं काय? मग ती डोकं खाजवायची आणि बऱ्याच वेळानं कळायचं की हा भाऊ दर मोसमातला पहिला जिताडा मासा बहिणीकडे पाठवतो, स्वतः खायच्या आधी. झाली ओळ. मी ती कागदावर लिहायचे, काकीला दोनदा वाचून दाखवायचे, तिचं पाठ व्हायचं आणि कागद चुलीत जायचा. कुणाला जपून ठेवावासा वाटला नाही, मलाही नाही. गाणी येतच राहणार होती.

मी पनवेलच्या कॉलेजात सायन्सला गेले, तिथं रसायनशास्त्र घेतलं. मिठागरवाल्याची मुलगी म्हणून असेल, पण सॉल्ट ॲनॅलिसिस मला फार आवडायचं. एक अनोळखी पूड देतात आणि त्यात कुठले धातू आहेत ते एकेक चाचणी करत शोधायचं. धातूंचे गट असतात, प्रत्येक गटाचं आपलं एक ॲसिड किंवा वायू असतो, तो घातला की त्या गटातले धातू साका होऊन तळाशी बसतात. हे गट मला पाठ होईनात, तेव्हा मी ते हळदीच्या चालीवर बसवले. भाकरी थापता थापता काकी ते ऐकायची.

एकदा म्हणाली, "शिसा, पारा, चांदी. ही कोनाच्या घरची मानसा?"

मी म्हटलं, "एका घरातलीच. ॲसिड घातलं की ही तिघं खाली बसतात. एरवी नाही बसत."

"मंग तो ॲसिड त्यांचा मामा. मामा आल्याबिगर कोन बसतंय?"

मी हसून हसून लोळले, पण त्यानंतर पहिला गट कधी चुकला नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र असलं काही चालत नव्हतं. एका साक्याबद्दल मी लिहिलं होतं, 'मिठागरात पहिल्या दिवशी धरलेल्या मिठाइतका पांढरा'. आमच्या सरांनी ते खोडलं आणि वर 'दह्यासारखा पांढरा' लिहिलं. मी म्हटलं, सर, हीसुद्धा उपमाच झाली. ते म्हणाले, "ही पुस्तकातली आहे." सर मनानं चांगले होते. त्यांना हसूही आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं.

तेव्हा मला दोन्ही जमत होतं. कॉलेजला जाताना टमटममध्ये गाण्याच्या ओळी जुळायच्या आणि गाण्याला बसले की मध्येच समीकरणं सुटायची. एकाचा कंटाळा आला की दुसरं ताजं वाटायचं. लोक विचारायचे, तुला यातलं जास्त काय आवडतं? मला तो प्रश्नच कळायचा नाही. 

पदवीच्या शेवटच्या वर्षी पूर्वपरीक्षेत भौतिक रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावात एक हळद होती. नवरीच्या आईनं मला चार भावांची नावं सांगितली होती. आणखी कुणी आहे का, असं मी खोदून विचारलं, तर "नाय" म्हणाली. काकी गायची होती, मी सोबत गेले होते. पेपर असल्यामुळे उजेड असेतो परतायचं ठरलं होतं. काकीनं गाणं उचललं, चार मामा झाले, आणि पाचवा दारात उभा. बाळाराममामा, सगळ्यांत थोरला. बहिणीशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण, म्हणून तिनं नाव घेतलं नव्हतं. ते भांडण त्याच दिवशी सकाळी मिटलं होतं आणि हे मला सांगायला सगळे विसरले होते.

चार भावांची नावं ऐकून झाली, आपलं नाही, हे त्याला कळलं.  मांडवाबाहेर जाऊन दगडावर बसला आणि त्याच्याबरोबर आलेली सगळी माणसं त्याच्यामागे जाऊन बसली. थोरल्या मामाच्या मानाशिवाय हळद पुढं सरकेना. नवरीची आई रडायला लागली. नवरी पिवळ्या अंगानं पाटावर तशीच बसलेली. काकीनं गाणं तोडलं नाही, नुसतीच चाल घोळवत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मामा रुसला असं म्हणायची सोय नव्हती, त्याचा अपमान झाला असता. मी काकीच्या कानात सांगितलं आणि तिनं तसंच उचललं:

"मांडव रुसला गो, कोनाशी नाय बोल्ला,
बालाराममामा दारान दिसला, तवा गालान हासला."

रुसवा मांडवाच्या नावावर टाकला, एवढंच मी केलं होतं. बायकांनी ती ओळ उचलून धरली, पुन्हा पुन्हा म्हटली. बाळाराममामा बराच वेळ खाली मान घालून ऐकत होता. मग उठला, धोतर झटकलं आणि आत आला. बहिणीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला तेव्हा मांडवात एकाचेही डोळे कोरडे नव्हते. मला कुणी घरी सोडेना. जेवूनच जा, अजून एक गाणं करून जा. आयुष्यात मला पुष्कळ सह्यांचा मान मिळाला, पण त्या दगडावरून तो माणूस उठला त्याची सर कशालाच आली नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेपर वाईट गेला. पास झाले, पण मार्क असे की अंतिम परीक्षेत तेवढेच पडले तर पुढं एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल की नाही याची शंका. सरांनी घरच्यांना बोलावलं. आई-बाबांचं मिठागर ऐन मोसमात होतं, म्हणून काकी आली. नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन ती स्टाफरूममध्ये उभी राहिली. सर उठून उभे राहिले आणि तिला खुर्ची दिली.

"मुलगी हुशार आहे हो," सर म्हणाले. "वर्गात अशी दुसरी नाही. फक्त आता तिला जरा अभ्यास करू द्या. तिला त्रास देऊ नका."

 घरी आल्यावर काकीनं ओट्यावर मांडी ठोकली. त्यानंतर जो कुणी गाणं मागायला आला त्याला तिनं ओट्यावरूनच परत पाठवलं, आणि स्वतः हळदीला गायला जाणंही सोडलं. बाळाराममामाच्या हळदीनंतर माझं नाव उरणपर्यंत गेलं होतं, त्यामुळे लोक लांबून यायचे. मी आत खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि सगळं ऐकू यायचं.

"पोरीची परीक्षा हाय. तिला तरास देव नका."

"एकच गाना, काकी. पोरीची हलद हाय."

"एक नाय नि अर्दा नाय. दुसरीकडं बघा."

उठून बाहेर जावंसं वाटायचं. गेले नाही. पेपरची भीती होती हे खरं, आणि काकीच्या आवाजात माझ्याबद्दल इतका अभिमान असायचा की तो मोडवेना. हळूहळू सगळ्या गावानंच ते मनावर घेतलं. आमच्या घराजवळ पोरं भांडली तर कुणीतरी त्यांना हाकलायचं. गावात लग्न असलं की लाउडस्पीकरच्या कर्ण्याचं तोंड आमच्या घराकडून खाडीकडे फिरवायचे. गावातली पहिली सायन्सची मुलगी म्हणून त्यांनी मला असं तळहातावर जपलं. मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले. शाल, नारळ, हार, भाषणं. त्या सत्कारात एकानंही गाण्यांचं नाव काढलं नाही. लहानपणी मला काहीतरी आजार होता आणि मी त्यातून आता बरी झाले, असं सगळ्यांचं वागणं होतं.

मला वाटलं, आता परीक्षा संपल्या, लोक येतील. मी वाट बघत होते. पण आमच्यात गाणं मागायला यावं लागतं, आपण होऊन घ्या घ्या म्हणत कुणी जात नाही. कुणी आलं नाही. नोकरी लागली, लग्न होऊन मी खारघरला गेले. लग्नकार्यात मला पुढच्या सोफ्यावर बसवायला लागले, हातात सरबत देऊन. मागं चटईवर बायका गाणी म्हणायच्या आणि त्यातला शब्द चुकला की माझा पाय आपोआप हलायचा. उठून तिकडे जाऊ लागले की चारजणी म्हणायच्या, "ताई, तुमी बसा. तुमाला कशाला तरास?" माझ्या स्वतःच्या लग्नात तर माझं गाणं दुसऱ्या गावच्या बाईनं केलं. वाईट नव्हतं. दोन मावश्यांना एकच ओळ होती.

आपलं आपण लिहावं, असंही करून बघितलं. नोकरीत रुळल्यावर रविवारी कथा लिहायला बसायचे. पण हात प्रयोगशाळेचा झाला होता. 'दार उघडण्यात आले. आत एक स्त्री आढळली.' वाचून मीच वैतागायचे. शिवाय ती कथा कुणाची? तिची वाट बघत ओट्यावर कोण बसलंय? कुणी मागितल्याशिवाय मला सुचत नाही, हे मला फार उशिरा कळलं. नोकरीत मात्र रोज कुणीतरी काहीतरी मागायचं. बॅच अडकलीय, मॅडम, तुमची सही हवीय. ते मी मन लावून केलं. त्यात काही खोटं नव्हतं. एखादी सदोष बॅच माझ्या हातून अडवली गेली की मला शांत झोप लागायची. तरी लग्नसराई आली की मी उगाच चिडचिड करायचे. घरच्यांना वाटायचं, उन्हाळ्यामुळे.

आमच्या जमिनींवर विमानतळ आला. आमचं गाव उठलं, मिठागरं भरावाखाली गेली. माझ्या धाकट्या भावानं उलव्याला घर बांधलं आणि काकी त्याच्याकडे राहायला गेली. तिच्या खिडकीतून क्रेन दिसायच्या. तोवर तिचा आवाज बसला होता. आल्यागेल्याला ती माझी ओळख करून द्यायची, "ही आमची पुष्पा. मोठ्या कंपनीन औषदा तपासते." नेहमी तेवढंच. एकदा दुपारी आम्ही दोघीच होतो आणि मी तिला विचारलं, "काकी, तुला गाण्यांची आठवण येत नाही?"

"येतं तं. रोज येतं."

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"बोलले असते तं तू लिवाला बसली असतीस," काकी म्हणाली. "मंग कंपनी कोनी केली असती?"

"दोन्ही केलं असतं गं. करतच होते ना मी."

काकीनं क्रेनकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "मना काय ठावं? त्या मास्तरान सांगितला, पोरीला तरास देव नका. आमी सगल्यांनी ऐकला."

सरांनी ते त्या वर्षापुरतं सांगितलं असणार. आमच्या गावानं जन्मभरासाठी ऐकलं. कुणाला बोल लावू? मी काकीचा हात धरून बसले. तिचं सारं आयुष्य गाण्यावर होतं आणि तिनं मला मोठं करायला स्वतःचं गाणं बंद केलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. मी तिच्यापुढे रडले. ती म्हणाली, रडतेस काय, चा ठेव. त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली.

या वर्षी मी निवृत्त झाले आणि भावाच्या मुलीचं, श्रुतीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की हिचं. श्रावणात मी उलव्याला गेले तेव्हा भावाची बायको सुनीता हॉलवाल्याशी फोनवर बोलत होती. डीजे हळदीची गाणी लावणार, त्यात 'मामा' आणि 'मावशी' असतात, नावं नसतात. सगळ्यांना सगळं चालतं.

तिचा फोन संपल्यावर मी म्हटलं, "सुनीता, श्रुतीचं गाणं मी करू?"

"ताई, नको हो. तुमी आता कुठं मोकल्या झाल्यात. तुमाला कशाला तरास द्याचा?"

मला काय झालं कळलं नाही.  मी म्हटलं, "दे ना गं त्रास. कुणीतरी दे. मला गेल्या कितीतरी वर्षांत कुणी त्रासच दिला नाही."

 सुनीतानं फोन बाजूला ठेवला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि थोरल्या मामापासून नावं सांगायला सुरुवात केली. थोरला विमानतळावर डंपर चालवतो. मधला जमिनींचे व्यवहार करतो आणि फोनवर नेहमी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतो. धाकटा दुबईला, तो व्हिडिओ कॉलवरून हळद बघणार. दोन मावश्या, त्यांचं आपसात पटत नाही. सगळं विचारून घेतलं आणि खारघरला येऊन लिहायला बसले, तर पहिली ओळ उतरली ती अशी: मामा, सावळा ते गोरा, उंच, एका बाजूला भांग. मी एकटीच मोठ्यानं हसले. आठवडाभर हेच चाललं. रोज कागद फाडायचे, रोज बसायचे.

मग एका सकाळी दूध तापवताना डंपरवाल्या मामाची ओळ आपोआप आली आणि मागोमाग बाकीचे आले. दुबईवाला आला, मीटिंगवाला आला, दोन्ही मावश्या वेगवेगळ्या कौतुकानं आल्या.  इतकं हलकं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. गाणं सुनीताच म्हणणार आहे, तिचा आवाज बरा आहे. शेवटी राहिली नवरीच्या आत्याची ओळ. म्हणजे माझी. गाणं करणारीनं स्वतःचं नाव घालायचं नसतं, पण आत्याला वगळलं तर तिनं मांडवाबाहेर जाऊन बसावं, इतका तिचा मान असतो. आत्याचं वेगळं काय, हे मी कुणाला विचारणार होते? त्या एका ओळीला सगळ्या गाण्याइतका वेळ लागला.

रोज संध्याकाळी सुनीताचा फोन येतो. "ताई, झाला का गाना? आत्याची ओल काय केली?" मी म्हणते, नाही गं, जुळत नाही अजून, जरा दम धर. ती काळजी करते, हळद जवळ आली म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करते. हा अंक तिच्या हातात पडेल तेव्हा ती माझ्यावर रागावणारच आहे, म्हणून इथंच सांगून टाकते. आत्याची ओळ गेल्या मंगळवारीच झाली. चांगली झाली आहे. तिला अजून सांगितलेली नाही. सांगितलं की फोन यायचा थांबेल.